व्याज उतरलें म्हणजे

नाशिकहून एका भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. पत्र लांब आहे, अक्षर सुवाच्य आहे आणि हिशेब पैपैशाचा मांडलेला आहे. एवढ्यावरूनच लिहिणारी बाई घर कसें चालवीत असेल याची कल्पना येते. यजमान शिक्षक होते, त्यांस निवृत्त होऊन सहा वर्षें झालीं. दोघांनींही साठी ओलांडली आहे. राहतें घर स्वतःचें, निवृत्तिवेतन बेताचें, आणि आयुष्यभराची शिल्लक म्हणून चाळीस लाख रुपये एका बँकेंत मुदतीच्या ठेवींत आहेत. २०२३ सालीं ही ठेव ठेवली तेव्हां बँकेनें साडेसात टक्के कबूल केले होते. वर्षाकाठीं तीन लाख, म्हणजे महिना पंचवीस हजार रुपये हातीं येत, आणि त्यांत दूध, भाजी, औषधें, जाणेंयेणें व सणवार निभत. आतां मुदत भरत आली आहे आणि बँक पावणेसात टक्के देऊं करीत आहे. वर्षाला तीस हजारांची तूट. ‘औषधांचा खर्च आमच्या वयाबरोबर वाढतो, व्याज मात्र उलट दिशेनें चालतें,’ असें बाई लिहितात.

घरांत यावर मसलत झाली. पुण्यास नोकरीस असलेला मुलगा म्हणाला, ‘आई, ठेवींचे दिवस गेले. सर्व रक्कम शेअरांत घाल. दहा वर्षांनीं बघ.’ दीर सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, ‘वहिनी, शेअर म्हणजे जुगार. व्याज अजून उतरणार आहे. सरकारचे चाळीस वर्षांचे रोखे घ्या आणि सात टक्के जन्माचे बांधून ठेवा.’ यजमान दोघांचेंही ऐकून घेतात आणि वर्तमानपत्र पुढें ओढतात. बाईंचा प्रश्न असा कीं, कोणाचें ऐकूं?

दोघांचेंही ऐकूं नये, हें उत्तर एका ओळींत देतां येईल. पण कां ऐकूं नये हें सांगण्यास थोडी जागा लागेल, आणि हाच प्रश्न आमच्या अनेक वाचकांच्या घरांत याच वेळीं पडला असेल अशा समजुतीनें ती आम्ही येथें घेतों.

व्याज उतरतें तें कोणा एका बँकेच्या कंजूषपणामुळें उतरत नाहीं. रिझर्व्ह बँक इतर बँकांस ज्या दरानें उसने पैसे देते तो दर २०२५ च्या आरंभीं साडेसहा टक्के होता, तो त्याच वर्षाच्या जूनमध्यें साडेपाचांवर आला. मग बँकांनींही ठेवींचे दर कमी केले. हा अनुभव आपणांस नवा नाहीं. २०२० च्या मे महिन्यांत हाच दर चार टक्क्यांवर आणला गेला आणि जवळजवळ दोन वर्षें तेथेंच राहिला. त्या काळांत मोठ्या बँका दीर्घ मुदतीच्या ठेवीवर पांच-साडेपांच टक्के देत होत्या, आणि २०२०-२१ या वर्षाची महागाई सरासरीनें सहा टक्क्यांच्या वर होती. म्हणजे ज्यानें लाख रुपये ठेवले त्यास वर्षाअखेर एक लाख साडेपांच हजार मिळाले खरे, पण जो जिन्नस वर्षापूर्वीं लाखाला येत होता त्यास आतां एक लाख सहा हजार लागत होते. ठेवीदार घरीं बसून, कोणतेंही साहस न करतां, थोडा गरीब झाला होता. पासबुकांत मात्र याची नोंद कोठेंच दिसत नाहीं, म्हणून तें कोणास टोंचतही नाहीं.

येथपर्यंत मुलाचें म्हणणें खरें आहे. आतां दिरांच्या रोख्याकडे वळूं. कारण सरकारी रोखा म्हणजे निर्धास्तपणा ही समजूत आपल्या घरांत फार जुनी आहे, आणि तिच्यांत एक गोष्ट नेहमीं विसरली जाते.

सरकारनें शंभर रुपयांचा, सहा टक्क्यांचा रोखा काढला. तुम्ही तो घेतला. उद्यां बाजारांतलें व्याज साडेसात टक्के झालें, तर तुमचा सहाचा कागद शंभर देऊन कोण घेईल? घेणारा त्याची किंमत इतकी पाडून मागेल कीं त्यासही साडेसात टक्केच सुटावे. मुदत एक वर्षाची उरली असेल तर ही घट दीड रुपयाच्या आंत राहते. कागद साडेअठ्ठ्याण्णवाच्या आसपास जातो. मुदत दहा वर्षांची असेल तर तोच कागद नव्वदापर्यंत खालीं येतो. तीस वर्षांची असेल तर ब्याऐंशीपर्यंत. सरकार तेंच, सही तीच, व्याजही दर सहामाहीस बिनचूक येतें. केवळ मुदत लांब असल्यामुळें शंभरांतले अठरा रुपये गेले. व्याज उतरलें तर याच्या उलट घडतें आणि लांब मुदतीचा कागद वर चढतो. दिरांचा भरंवसा या दुसऱ्या शक्यतेवर आहे. पण ती शक्यता आहे. सरकारनें दिलेलें वचन नव्हे.

यांत आणखी एक मेख आहे व ती बारकाईनें पाहण्यासारखी आहे. मुळांतलें व्याज जितकें कमी तितका हा धक्का मोठा बसतो. कधींच न फेडावयाचा, म्हणजे बेमुदत असा एक कागद घ्या. व्याज सहाचें साडेसात झालें तर त्याची किंमत शंभरांवरून ऐंशीवर येते. पण तोच कागद अडीच टक्क्यांचा असेल आणि बाजारांतलें व्याज अडीचाचें चार झालें, तर किंमत साडेबासष्टावर येते. वाढ दोन्ही वेळीं दीड टक्क्याचीच. तेव्हां व्याज अगदीं खालीं गेलेलें असतां ‘आतां दीर्घ मुदत बांधून ठेवूं’ असें म्हणणारा मनुष्य रोख्यांच्या आयुष्यांतल्या सर्वांत नाजूक वेळीं सर्वांत नाजूक कागद हातीं घेत असतो. त्यास मात्र आपण अत्यंत सावध आहों असें वाटत असतें.

पूर्वींच्या दोन गोष्टी येथें सांगतों. एक विलायतेंतली आहे आणि एक आमच्या घरांतली. दोन्ही एकाच सालच्या आहेत.

दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां इंग्लंडचे अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांस पैसा स्वस्त ठेवावयाचा होता. १९४६ च्या अखेरीस त्यांनीं अडीच टक्क्यांचा सरकारी कागद शंभर पौंडांस शंभर या भावानें काढला. तो १९७५ सालीं किंवा त्यानंतर सरकारच्या मर्जीप्रमाणें फेडावयाचा होता. म्हणजे न फेडला तरी चालेल असाच. लोकांनीं तो डाल्टनचेंच नांव देऊन ओळखला, आणि पुढें त्या नांवांत कौतुकाचा भाग राहिला नाहीं. व्याजाचे दर वर्षानुवर्षें चढत गेले. १९७४ च्या अखेरीस बेमुदत सरकारी कागदांवर सतरा टक्क्यांच्या आसपास व्याज सुटूं लागलें, आणि अडीच टक्क्यांचा तो शंभर पौंडांचा कागद सुमारें पंधरा पौंडांवर आला. इंग्लंड सरकारनें एकही हप्ता चुकविला नव्हता. विशेष असें कीं, तो कागद अखेरीस पूर्ण शंभर पौंड देऊन फेडला गेला, पण केव्हां? २०१५ सालीं, म्हणजे व्याज पुन्हां इतकें उतरलें कीं अडीच टक्के देणेंही सरकारास महाग वाटूं लागलें तेव्हां! मूळच्या घेणाऱ्यांपैकीं तो दिवस पाहण्यास किती राहिले असतील?

घरची गोष्ट अशी. आमचे आजोबा साताऱ्यास वकिली करीत. त्या काळीं आपल्या लोकांत शिल्लक टाकण्याच्या जागा ठरलेल्या असत: थोडी जमीन, थोडें सोनें, आणि साडेतीन टक्क्यांच्या सरकारी प्रॉमिसरी नोटा. मुलीच्या लग्नाची रक्कम, विधवेची पोटगी, देवस्थानची ठेव, सर्व त्याच कागदांत असे. आजोबांजवळ दहा हजारांच्या नोटा होत्या व त्यांचें वर्षाला साडेतीनशें रुपये व्याज येई. १९४६ सालीं, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदीं चिंतामणराव देशमुख असतांना, हिंदुस्थान सरकारनें या साडेतीन टक्क्यांच्या कागदाची फेड जाहीर केली: रोख पैसे घ्या, किंवा कमी व्याजाचा नवा कागद घ्या. तीन टक्क्यांचा नवा कागद बेमुदत होता. आजोबांनीं तो घेतला. साडेतीनशेंचे तीनशें झाले. ‘सरकार बुडत नाहीं,’ हें त्यांचें वाक्य आम्ही वडिलांकडून अनेक वेळां ऐकलें आहे.

आजोबा चुकले नाहींत, ही खरी गंमत आहे. सरकार बुडालें नाहीं. पुढच्याच वर्षीं तें सरकार देश सोडून गेलें आणि दुसरें आलें, तरी तीनशें रुपये दरसाल येत राहिले. १९४६ त ते तीनशें रुपये म्हणजे घराला मोठा आधार होता. तीस वर्षांनीं आजीच्या शस्त्रक्रियेसाठीं वडील ते कागद विकावयास निघाले तेव्हां त्याच तीनशें रुपयांत महिन्याचा किराणाही भागत नव्हता, आणि शंभराच्या कागदास शंभर देणारा बाजारांत कोणी नव्हता. मोठी तूट सोसून ते विकावे लागले. वडिलांना या व्यवहाराचा राग असा आला नाहीं. ‘बाबांनीं कागद पाहिला, मुदत पाहिली नाहीं,’ एवढेंच ते म्हणत.

पण ही गोष्ट एवढ्यावर सोडली तर नाशिकच्या चिरंजीवांस वाटेल कीं आपली बाजू सिद्ध झाली. म्हणून तिचा उरलेला भागही सांगितला पाहिजे. आजोबांचे एक मामेभाऊ मुंबईस असत. त्यांनीं त्याच सालीं नेमका मुलाचा मार्ग धरला. व्याज तीन टक्क्यांवर आलें, सरकारी कागदांत कांहीं अर्थ उरला नाहीं, असें म्हणून त्यांनीं गिरण्यांचे व पोलादाचे शेअर घेतले. त्या वर्षीं शेअरबाजार तेजींत होता व जो तो हेंच म्हणत होता. २८ फेब्रुवारी १९४७ रोजीं लियाकत अलीखानांचें अंदाजपत्रक आलें. धंद्याच्या लाखावरील नफ्यावर पंचवीस टक्के नवा कर त्यांत सुचविला होता. बाजार कोसळला. पुढें फाळणी, दंगे, मालाची टंचाई. मामेभावांनीं दीड वर्ष कळ काढली आणि मग घाबरून सर्व शेअर मिळेल त्या भावानें विकले. आजोबांच्या कागदानें तीस वर्षांत जें हळूहळू घालविलें, तेवढेंच जवळजवळ मामेभावांनीं दीड वर्षांत घालविलें. आमच्या घरांत या दोघांपैकीं अधिक शहाणा कोण यावर जेवणाच्या पंगतीला वाद होत. आम्हांस तो वाद अजून सुटलेला नाहीं.

व्याज कमी झालें म्हणजे शेअर घ्यावे, हें वाक्य इतकें सरळ दिसतें कीं त्यांतली खोंच चटकन् लक्षांत येत नाहीं. एका वाड्याचें भाडें वर्षाला सहा हजार येतें असें धरा. बाजारांत व्याज सहा टक्के असतां त्या वाड्यास लोक लाख रुपये देतील. व्याज तीन टक्क्यांवर आलें तर त्याच वाड्यास दोन लाख देणारे निघतील. भाडें एका पैनें वाढलेलें नाहीं, भिंती त्याच आहेत, कौलें गळतात तीं गळतातच. कंपनीच्या शेअराचें असेंच आहे. व्याज उतरलें कीं पुढील नफ्याची आजची किंमत चढते, आणि ती प्रथम बाजारांतल्या जाणत्या लोकांस कळते. तुमच्याआमच्या घरांत त्याची चर्चा सुरू होईपर्यंत किंमत चढून गेलेली असते. म्हणजे ज्या कारणानें रोखे महाग झाले, त्याच कारणानें शेअरही महाग झालेले असतात. एका महाग दुकानांतून उठून दुसऱ्या महाग दुकानांत जाण्यास बचत म्हणतां येत नाहीं.

जपानचा दाखला येथें घेण्यासारखा आहे. तेथील निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर होता. मग तो कोसळला. तेथील मध्यवर्ती बँकेनें व्याज उतरवीत उतरवीत १९९९ सालीं शून्याच्या कडेला नेलें. कमी व्याजानेंच शेअर चढत असते तर जपानी माणसासारखा सुखी माणूस जगांत नव्हता. परंतु तो जुना आंकडा ओलांडण्यास २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला, चौतीस वर्षें. आणि त्या काळांत तेथें वस्तूंचे भाव चढतच नसल्यामुळें एक-दोन टक्क्यांचा सरकारी रोखा घेऊन बसलेला म्हाताराच पुष्कळ वर्षें बरा राहिला.

मग शेअर घ्यावेच कां? याचें कारण वाड्याच्याच उदाहरणांत आहे. वाड्याचें भाडें वाढूं शकतें; रोख्याचें व्याज कागदावर छापलेलें असतें. महागाई वाढली कीं साबण महाग होतो, पोलाद महाग होतें, आणि तीं विकणाऱ्या कंपन्यांचा नफा, दहापंधरा वर्षांच्या हिशेबानें, बहुधा त्यांच्या मागून वाढतो. ही गोष्ट आजोबांच्या कागदास कधींच साधली नसती. पण ‘दहापंधरा वर्षांच्या हिशेबानें’ हे शब्द वाक्यांतून गाळले कीं सर्व वाक्यच खोटें होतें. मुंबईचा सेन्सेक्स २००८ च्या जानेवारींत एकवीस हजारांच्या घरांत होता; ऑक्टोबरांत तो साडेआठ हजारांच्या आसपास आला, आणि जुनी जागा पुन्हां गांठण्यास २०१० ची दिवाळी आली. २०२० च्या जानेवारींत बेचाळीस हजार, २३ मार्चला सव्वीस हजार. या वेळीं तो त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत भरून आला. दोन्ही वेळीं जो थांबला त्याचें कांहीं गेलें नाहीं. पण औषधाच्या दुकानाचें बिल थांबत नाहीं, हें बाईंस आम्हीं सांगावयास नको. ज्यास दरमहा पंचवीस हजार काढावेच लागतात त्यानें सर्व रक्कम शेअरांत घातली असती, तर त्या वाईट महिन्यांत त्याला नेमके सर्वांत स्वस्त झालेले शेअर विकून दूधवाल्याचे पैसे भागवावे लागले असते. बाजार पुढें सावरला तरी विकलेले शेअर परत येत नाहींत.

सुरक्षित कागदानेंच मनुष्य कसा बुडतो याचें अगदीं अलीकडचें उदाहरण हवें असेल तर अमेरिकेंतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचें घ्यावें. व्याज जवळजवळ शून्य असतां तिनें ठेवीदारांच्या पैशांतून दीर्घ मुदतीचे सरकारी व सरकारी पाठबळाचे रोखे घेतले. २०२२ त व्याज भराभर चढलें, रोख्यांचे भाव पडले, ठेवीदार पैसे मागूं लागले, आणि १० मार्च २०२३ रोजीं बँक बंद झाली. तिच्याजवळचे रोखे खोटे नव्हते. मुदतीपर्यंत थांबतां आलें असतें तर पूर्ण पैसे आले असते. थांबतां आलें नाहीं इतकेंच. बँकेची ती गत, तर घरची काय कथा?

येथें एक सूचना जातां जातां द्यावीशी वाटते, कारण व्याज उतरलें कीं हा उपद्रव हटकून वाढतो. ठेवीवर सात मिळेनात म्हणजे कोणी ओळखीचे गृहस्थ नऊ-दहा टक्क्यांचा ‘रोखा’ घेऊन दारांत उभे राहतात. रोखा हा शब्द ऐकून आपल्याला आजोबांची प्रॉमिसरी नोट आठवते. येस बँकेचे असेच एक प्रकारचे रोखे होते. बँकेची भांडवली स्थिति बिघडल्यास ते रद्द होऊं शकतील अशी अट त्यांच्या मूळ कागदपत्रांत होती. २०२० च्या मार्चमध्यें ८,४१५ कोटी रुपयांचे ते रोखे एका लेखणीच्या फटकाऱ्यानें शून्य झाले. प्रकरण न्यायालयांत गेलें, त्याचा निकाल कांहींही लागो. त्यांत निवृत्त लोकांचे पुष्कळ पैसे अडकले. त्याच बँकेंतील साध्या ठेवीदारांची मात्र एक पैही गेली नाहीं. दोन टक्के अधिक व्याज कोठून येतें हें विचारल्यावांचून सही करूं नये, आणि उत्तर समजलें नाहीं तर मुळींच करूं नये.

आतां बाईंचे चाळीस लाख. आमची रीत अशी कीं, पैसा रोख्यांत घालावा कीं शेअरांत हा प्रश्न बाजूस ठेवून, कोणता पैसा केव्हां लागणार हें आधीं विचारावें. बाई, तुमच्या पत्रांत याचें उत्तर आहे. तें तुम्हीं वेगळें काढलें नाहीं इतकेंच. रोजच्या खर्चाला वर्षाकाठीं सुमारें पावणेतीन लाख हवेत. अचानक आजारपणासाठीं कांहीं रक्कम हाताशीं हवी. आणि शेवटच्या पानावर तुम्हीं ओझरतें लिहिलें आहे कीं, नातीच्या उच्च शिक्षणाला कांहीं द्यावें अशी इच्छा आहे. नात सध्यां सहा वर्षांची आहे. म्हणजे हा पैसा निदान बारा वर्षें लागणार नाहीं. तीन कामें आहेत व तिन्हींच्या मुदती निरनिराळ्या आहेत.

पोस्टांत ज्येष्ठ नागरिकांची जी बचत योजना आहे तिचा दर २०२५ सालभर ८.२ टक्के होता. खातें उघडतांना जो दर असेल तो पांच वर्षें बदलत नाहीं, व्याज दर तीन महिन्यांनीं येतें, आणि बाजारभाव नांवाची वस्तूच या खात्याला नसल्यामुळें तो पडण्याचा प्रश्न येत नाहीं. दर माणशीं तीस लाखांची मर्यादा आहे. तुम्हीं व यजमानांनीं बारा-बारा लाखांचीं दोन खातीं उघडावीं. चोवीस लाखांचें वर्षाला १,९६,८०० रुपये होतात. सहा लाख रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या व्याजाच्या बचतरोख्यांत घालावे. त्यांचा दर राष्ट्रीय बचतपत्राच्या दरापेक्षां ०.३५ टक्क्यानें अधिक असतो व दर सहा महिन्यांनीं नव्यानें ठरतो. २०२५ सालीं तो ८.०५ होता. त्या हिशेबानें ४८,३०० रुपये येतील. व्याज उतरलें तर हें उत्पन्न उतरेल. पण व्याज चढलें तर तुम्ही आजोबांसारख्या जुन्या दराशीं बांधलेल्या राहणार नाहीं, आणि उतारवयांत हाच धोका आम्हांस अधिक मोठा वाटतो. हा कागद सात वर्षांचा आहे, साठी ओलांडलेल्यांस सहा वर्षांनीं मोडतां येतो, व विकतां येत नाहीं. म्हणून यांत अधिक घालूं नये. चार लाख बँकेंतच एक एक वर्षाच्या ठेवींत राहूं द्यावे. साडेसहा टक्के धरले तर २६,००० रुपये. हा आजारपणाचा पैसा. एका ठेवीदारास एका बँकेंत विम्याचें संरक्षण पांच लाखांपर्यंतच आहे, ही गोष्ट चाळीस लाख एकाच बँकेंत ठेवतांना तुम्हांस कोणी सांगितलेली दिसत नाहीं.

बेरीज करून पाहा: चौतीस लाखांवर २,७१,१०० रुपये. तुमची बँक पूर्ण चाळीस लाखांवर जें देऊं करीत होती तेवढेंच, किंबहुना थोडें अधिक. दर तुम्ही जाल त्या वेळीं थोडे बदललेले असतील, ते तेथें विचारून हिशेब पुन्हां मांडावा. मांडणी बदलणार नाहीं. पूर्वींचे तीन लाख मात्र यांतून येत नाहींत, आणि ते पुरे करण्यासाठीं अधिक व्याजाच्या मागें लागूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. वर्षाच्या खर्चांतून वीसपंचवीस हजार कमी करणें कठीण आहे. बुडालेले पांच लाख परत मिळविणें त्याहून कठीण आहे.

उरलेले सहा लाख नातीचे. ते शेअरांत जावे, आणि येथें तुमच्या मुलाचा सल्ला घ्यावा. एखाददुसरी कंपनी निवडण्याच्या भानगडींत न पडतां सबंध निर्देशांकाचे शेअर घेणारा कमी खर्चाचा म्युच्युअल फंड पाहावा, आणि रक्कम एकदम न घालतां दोन-अडीच वर्षांत दरमहा थोडी थोडी घालावी. बाजार महाग असेल तर त्याचा सगळा भार एका दिवसावर पडत नाहीं. मध्यें केव्हां तरी हे सहा लाख साडेतीन लाख झालेले दिसतील. तसें दिसलें असतां रात्रीं झोंप लागेल कीं नाहीं, हें आधींच मनाला विचारून ठेवावें. नात सोळा वर्षांची झाली कीं त्यांतून दरवर्षीं थोडें काढून ठेवींत आणावें, म्हणजे प्रवेशाच्या वर्षीं बाजार कसा आहे याची चिंता उरणार नाहीं.

दिरांचा सल्ला पूर्णपणें टाकाऊ आहे असें मात्र म्हणूं नये. २०२१ च्या नोव्हेंबरपासून रिझर्व्ह बँकेंत थेट खातें उघडून कोणासही सरकारी रोखे घेतां येतात, व ही सोय चांगली आहे. ज्यांस सहा वर्षांनीं विशिष्ट रक्कम लागणार आहे त्यांनीं सहा वर्षांत फिटणारा रोखा घ्यावा. मध्यें भाव कांहींही होवो, त्यांस पूर्ण मुद्दल मिळेल. चाळीस वर्षांचा रोखा चाळीस वर्षें पैसा न लागणाऱ्यांचा, म्हणजे विमा कंपन्यांचा व पेन्शन फंडांचा. तुमचें वय त्रेसष्ट आहे हें दीर रागावणार नाहींत अशा रीतीनें त्यांच्या लक्षांत आणून द्यावें.

पत्राच्या शेवटीं तुम्हीं विचारलें आहे कीं, पोस्टाच्या खात्यांत मुलाचें नांव जोडतां येईल काय. नाहीं, त्या योजनेंत जोडखातें पतिपत्नींचेंच होतें. मुलाचें नांव वारस म्हणून मात्र लावतां येतें, आणि तें अर्ज भरतांनाच लावावें. ठेवीची मुदत भरेल त्या आठवड्यांतच दोघांनीं बरोबर पोस्टांत जावें. वयाचा दाखला, आधार, पॅन आणि दोघांचे दोन दोन फोटो जवळ असूं द्यावे, म्हणजे दुसरा हेलपाटा पडणार नाहीं.